दोन वर्षं थांबा

सर्जननं नुसता हात पुढं केला, की सिस्टरनं त्या हातात नेमकं हत्यार ठेवायचं, ही थिएटरची रीत. माझ्या साऱ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा ठेवलं असेल ते मॉस्किटो: रक्तवाहिनीचं बारीक तोंड धरून ठेवणारा, टोकाला निमुळता होत गेलेला चिमटा. त्याचं पूर्ण नाव हॉल्स्टेड मॉस्किटो. आम्ही हातांत चढवायचो ते रबरी मोजेसुद्धा याच माणसामुळं थिएटरात आले. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातले सर्जन. त्यांच्या थिएटरची सिस्टर कॅरोलिन हॅम्प्टन हिचे हात जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षारानं सोलवटून निघाले. तेव्हा, १८८९-९० च्या हिवाळ्यात, हॉल्स्टेडनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. १८९० साली दोघांचं लग्न झालं. एका सिस्टरच्या हातांची एवढी काळजी वाहणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच माणसाच्या एका मताची किंमत मात्र कॅन्सर झालेल्या बायकांनी पाऊण शतक मोजली, आणि ती मोजणाऱ्यांत माझी सख्खी बहीण होती. म्हणून हा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचून काढला.

हॉल्स्टेडनी स्तनाच्या कॅन्सरचं आपलं मोठं ऑपरेशन १८८२ पासून सुरू केलं. स्तन, त्यावरची बरीचशी कातडी, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, हे सगळं ते एका सलग तुकड्यात काढत. उरलेल्या जखमेवर मांडीची पातळ कातडी बसवत. १८९४ साली त्यांनी पहिल्या ५० बायकांचा हिशेब छापला. त्यांत त्याच जागी कॅन्सर उलटला होता तो तिघींना. त्या काळात युरोपातल्या नावाजलेल्या सर्जनांच्या हाताखाली निम्म्याहून जास्त बायकांना तो उलटत असे. त्या बायका गाठ मुठीएवढी झाल्यावर, कातडी फुटल्यावर दवाखान्यात येत. त्यांच्या दृष्टीनं हॉल्स्टेड देवासारखे होते, यात मला शंका नाही.

पण त्यांच्या मनात कॅन्सरचं एक चित्र पक्कं होतं. तो एका जागेपासून सलग बाहेर पसरत जातो, असं ते धरून चालत. त्या चित्रातून दोन गोष्टी निघाल्या. एक, जितकं जास्त कापाल तितकी बाई सुरक्षित. दुसरी, कापलेल्या जागेवर आजूबाजूची कातडी किंवा मांस ओढून आणू नका. त्याच्यासोबत रोग येईल, आणि आत काही उलटलं तर झाकलेलं राहील. जखम पुन्हा घडवू पाहणाऱ्या सर्जनांपासून सावध राहा, असंच ते इतरांना बजावत. रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे काढलेला स्तन पुन्हा घडवणं, कधी करायचं, या प्रश्नाचं पहिलं अधिकृत उत्तर ‘कधीच नाही’ हे होतं.

आश्चर्य असं की, तोवर एक वेगळं उत्तर प्रत्यक्ष करून दाखवलेलं होतं. १८९५ साली हायडेलबर्गमध्ये विन्सेंझ चेर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातला कॅन्सर नसलेला, पण आजारी असा भाग काढला. तिच्या कमरेच्या बाजूला चरबीची एक मोठी निरुपद्रवी गाठ होती. ती गाठ काढून त्यांनी त्याच ऑपरेशनमध्ये रिकाम्या झालेल्या जागी बसवली. स्तन पुन्हा घडवल्याची नोंदलेली पहिली घटना साधारणपणे हीच मानतात, आणि ती काढण्यासोबतच, त्याच टेबलावर झालेली आहे. थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

इटलीत पाव्हियाचे इजिनिओ तान्सिनी दुसऱ्या वाटेनं गेले. मॅस्टेक्टमीच्या, म्हणजे स्तन काढण्याच्या ऑपरेशनच्या, उघड्या जखमेवर पाठीची कातडी वळवून आणली तर तिची कड काळी पडून मरते, हे त्यांनी पाहिलं होतं. कातडीला रक्त खालच्या स्नायूतून मिळतं हे ओळखून १९०६ मध्ये त्यांनी पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढं फिरवला. कातडी जगली.

जागेवरून हलवलेलं मांस रक्ताशी जोडलेलं ठेवायचं, ही युक्ती वाचताना मला आपलं पुणं आठवल्याशिवाय राहिलं नाही. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं त्याला नवं नाक करून दिलं: मेणाचा साचा बसवून पाहिला, त्या मापानं कपाळाची कातडी आखली, भुवयांमधला देठ न तोडता ती खाली वळवली, आणि ती नव्या जागी जगल्यावर सुमारे पंचवीस दिवसांनी देठ कापला. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं, आणि १८१४ मध्ये तिथल्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच पद्धत वापरून नाक केलं. प्लास्टिक सर्जरीच्या पाश्चात्त्य परंपरेला पुण्यानं दिलेली ही भर आहे. आमच्या विषयापुरती त्यातली एक बारीक नोंद महत्त्वाची: कावसजी नाकावाचून साधारण वर्षभर राहिला होता. वर्षानंतर केलेलं नाकही जगलं. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, हे तेव्हाच दिसलेलं होतं.

तान्सिनींची पद्धत युरोपात काही काळ चालली आणि हॉल्स्टेडच्या नावाच्या दबावाखाली मागं पडून विसरली गेली. १९७६ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या नेवेन ओलिव्हारी यांनी पाठीचा तोच स्नायू नव्यानं वापरून दाखवला, तेव्हा मधे सत्तर वर्षं गेली होती. त्या सत्तर वर्षांत अगदीच काही झालं नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे उडालेले चेहरे दुरुस्त करणारे हॅरल्ड गिलीज यांनी पोटाच्या कातडीची नळी करून ती टप्प्याटप्प्यानं छातीपर्यंत चढवत स्तन घडवले. पण ते काम महिनोन्महिने चाले, ऑपरेशनावर ऑपरेशन होई, आणि अंगभर व्रण राहत. फार थोड्या बायकांच्या वाट्याला ते आलं.

मग ‘कधीच नाही’चं ‘थांबा’ झालं. दोन वर्षं थांबा. काही सर्जन पाच म्हणत. या अवधीत कॅन्सर उलटला नाही तर पुढचं बघू. रोग झाकला जाईल ही हॉल्स्टेडची भीतीच नव्या आकड्यात राहिली होती.

तो आकडा लालबागच्या आमच्या चाळीत १९८६ साली पोचला. माझ्या अक्काचा डावा स्तन काढला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. ज्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं तिथल्या डॉक्टरांनी, तिनं विचारल्यावर, सांगितलं, “आता नको. दोन वर्षं काही झालं नाही तर बघू.” अक्कानं भिंतीवरच्या कालनिर्णयावर नव्हे, स्वतःच्या मनात दिवस मोजले असणार, कारण दोन वर्षं भरली त्याच महिन्यात ती मला घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर बसली. त्यांनी तपासलं, सगळं छान आहे म्हणाले, आणि अक्कानं विषय काढल्यावर विचारलं, “आता कशाला? बरी आहेस की. दोन मुलं आहेत, संसार आहे.” अक्का उठली. जिन्यात मला म्हणाली, “आधी लवकर होतं गं. आता उशीर झाला. मधली वेळ कधी होती?”

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. कापडाच्या पिशवीत मोहरी भरून, कापसाचा थर देऊन, ब्लाउजला आतून शिवलेली गादी ती आयुष्यभर वापरत राहिली. मोहरीमुळं वजन येतं आणि खांदा एका बाजूला झुकत नाही, हे तिनं स्वतः शोधलं होतं, आणि नंतर चाळीतल्या दुसऱ्या एका बाईला तशी गादी शिवूनही दिली होती. १९८८ मध्ये तिच्यावर रिकन्स्ट्रक्शन करता आलं असतं का? आलं असतं. जगात तोवर त्याच्या तीन पद्धती रुळल्या होत्या. तिला तसं कुणी सांगितलं नाही.

आता मी ज्या भागाकडे येते तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सर्जनांनी घडवलेला नाही. विसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेत अशी पद्धत होती: छातीत गाठ घेऊन आलेल्या बाईची सही आधीच घ्यायची, भूल द्यायची, गाठीचा तुकडा गोठवून तिथल्या तिथं तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. गाठ कॅन्सरची होती की नव्हती, हे बाईला जाग आल्यावर छातीवरच्या पट्टीला हात लावून कळे. अशा बाईला ‘रिकन्स्ट्रक्शन आत्ता हवं की नंतर’ हा प्रश्न विचारणार कोण आणि केव्हा? निर्णयासाठी लागणारा वेळच तिच्या हाती दिलेला नव्हता.

तो वेळ मागून घेतला रोज कुशनर या पत्रकार बाईनं. १९७४ मध्ये स्वतःच्या गाठीची फक्त तपासणी करा, ऑपरेशन नंतर ठरवू, अशी अट तिनं घातली आणि ती मान्य करणारा सर्जन मिळेपर्यंत बऱ्याच जणांचे नकार ऐकले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन एकाच टप्प्यात काढला गेला. फोर्डबाईंनी आजार लपवला नाही, आणि त्यामुळं अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरबद्दल घराघरांत उघड बोललं जाऊ लागलं. हे त्यांचं मोठं ऋण आहे. कुशनर लिहीत राहिली, बैठकांतून उठून बोलत राहिली. अखेर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसमितीनं म्हटलं की तपासणी आणि ऑपरेशन हे दोन वेगळे टप्पे असावेत. या दोन टप्प्यांच्या मधे जे थोडे दिवस मिळाले, त्या दिवसांत ‘कधी’ हा प्रश्न प्रथमच बाईचा झाला. इम्प्लांटच्या शोधापेक्षा मी या दिवसांना मोठं मानते.

त्याच सुमाराला ऑड्री लॉर्ड या कवयित्रीनं तिसरंच उत्तर दिलं: मला नकोच. १९७८ मध्ये तिचा स्तन काढला. थोड्याच दिवसांनी ती ब्लाउजमध्ये काहीही न भरता सर्जनच्या दवाखान्यात गेली, तर तिथल्या नर्सनं तिला सुनावलं की असं आल्यानं दवाखान्यातल्या इतर बायकांचं मन खचतं. लॉर्डनं हे १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये लिहून ठेवलं आहे. माझ्या पेशातली बाई असं बोलली, हे वाचून मला वाईट वाटलं. सपाट छातीनं जगणाऱ्या बाईला अर्धवट समजण्याचा अधिकार आम्हा कुणालाच नाही. न करण्याचा निर्णयसुद्धा पूर्ण निर्णय असतो.

साधनांचा इतिहास मी भराभर सांगते. ह्यूस्टनच्या क्रोनिन आणि गेरो यांनी १९६२ मध्ये सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट बसवलं. त्या बाईला कॅन्सर नव्हता. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्नायडरमन आणि गथ्री यांनी ते मॅस्टेक्टमी झालेल्या बायकांच्या छातीच्या कातडीखाली ठेवून दाखवलं. १९८२ मध्ये दोन गोष्टी छापून आल्या. चेडोमिर राडोव्हान यांचा एक्स्पांडर, म्हणजे कातडीखाली ठेवायची रिकामी पिशवी; तिच्यात दर थोड्या दिवसांनी सुईनं सलाइन भरत कातडी ताणत न्यायची आणि मग इम्प्लांट बसवायचं. आणि अटलांटाच्या कार्ल हार्टरॅम्फ यांची पोटाच्या खालच्या भागातली कातडी, चरबी आणि स्नायू वर आणण्याची पद्धत. पुढं पोटाचा स्नायू जागीच ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडणं सुरू झालं. अशा ऑपरेशनला मी उभी राहिले आहे. सहा-आठ तास जातात. टाका इतका बारीक की सुई हरवली तर डोळ्यांनी शोधता येत नाही. नव्या स्तनाची कातडी गुलाबी होते तेव्हा सगळं थिएटर श्वास सोडतं.

पण ‘दोन वर्षं थांबा’ हे साधनांनी मोडलं नाही. ते पुराव्यानं मोडलं. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून हॉल्स्टेडचं मोठं ऑपरेशन आणि फक्त स्तन काढणं यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. जगण्यात फरक निघाला नाही. कॅन्सर सलग पसरतो हे चित्रच चुकलं होतं. छातीचे स्नायू वाचू लागले, आणि नव्या स्तनाला बसायला जागा राहिली. मॅस्टेक्टमीसोबतच रिकन्स्ट्रक्शन केलेल्या बायकांचे हिशेब जमत गेले, तसं दिसलं की त्यामुळं रोग जास्त उलटत नाही आणि उलटला तर सापडायचाही राहत नाही. १९९१ मध्ये टॉथ आणि लॅपर्ट यांनी कातडी जवळजवळ पूर्ण राखून आतला स्तन काढायची पद्धत मांडली. कातडीची मूळ खोळ असताना त्याच वेळी ती भरली, तर आकार सर्वांत चांगला येतो, एक भूल वाचते, आणि बाई सपाट छातीकडे पाहत उठत नाही. लगेच करण्याच्या बाजूनं हे खरे मुद्दे आहेत.

इतक्यात थांबायचं कारण नव्यानं उभं राहिलं, आणि या वेळी ते भीतीतून आलेलं नव्हतं. १९९७ मध्ये डेन्मार्क आणि कॅनडा इथले दोन मोठे अभ्यास आले. काखेत रोग पोचलेल्या, पाळी न गेलेल्या बायकांना मॅस्टेक्टमीनंतरही रेडिएशन दिलं तर त्या जास्त जगतात, असं त्यांत दिसलं. पण रेडिएशन पडलेल्या इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होतं, आणि पोटावरून आणलेलं मांसही आकसू शकतं. म्हणून ज्यांना रेडिएशनचा शेक लागणारच, त्यांच्यात शेक संपवून, कातडी निवळेपर्यंत सहा महिने ते वर्षभर थांबून, मग स्वतःच्या मांसानं स्तन घडवणं पुष्कळ सर्जन पसंत करतात. ह्यूस्टनच्या स्टीव्हन क्रोनोविट्झ यांनी मधली वाट काढली: मॅस्टेक्टमीच्या वेळी फक्त एक्स्पांडर ठेवून कातडी राखायची, पक्का रिपोर्ट आला की शेक लागणार का ते पाहायचं, आणि त्याप्रमाणं पुढं जायचं किंवा थांबायचं. अक्का जी मधली वेळ विचारत होती ती हीच असावी, असं मला हे वाचताना वाटलं.

परळला १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून साऱ्या देशातून कॅन्सरचे रोगी तिथं येतात. मी दुसरीकडे नोकरी केली, पण घर जवळ असल्यानं धर्मशाळांतून उतरलेल्या बायकांशी बोलणं नेहमीचं. आपल्याकडं पुष्कळ बायका गाठ मोठी झाल्यावर येतात, त्यामुळं शेक बऱ्याच जणींना लागतो. परतीचं तिकीट, मुलांच्या परीक्षा, इम्प्लांटचा खर्च, सगळं त्या एकाच आठवड्यात येऊन पडतं. एकदा संगमेश्वरकडच्या एक काकू मला म्हणाल्या, “सिस्टर, माझं वय आता पंचावन्न. या वयात असलं विचारलं तर डॉक्टर हसतील का ओ?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही विचारा. हसले तर मला सांगा.” त्या विचारायला गेल्या. डॉक्टर हसले नाहीत. शेक संपल्यावर वर्षानं या, म्हणाले, आणि वर्षानंतर काय करता येईल ते कागदावर चित्र काढून समजावलं. काकूंनी पुढं ते केलं नाही. नातवंडांत रमल्या आहेत. पण तो कागद त्यांनी जपून ठेवलाय, आणि ‘थांबा’ असं सांगणं कसं असावं ते मला त्या कागदात दिसलं.

अमेरिकेत १९९८ मध्ये कायदा झाला, की मॅस्टेक्टमीचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीनं रिकन्स्ट्रक्शनचा, आणि दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी दुसऱ्या स्तनावर लागणाऱ्या कामाचाही खर्च द्यायचा. ते लगेच करा की पुढं कधी. न्यूयॉर्क राज्यानं २०१० मध्ये असाही कायदा केला की ऑपरेशनआधीच बाईला रिकन्स्ट्रक्शनची माहिती द्यावी लागेल. पैसा केव्हाही, आणि माहिती ऑपरेशनआधी. आपल्याकडं माहितीसाठी कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही.

म्हणून ज्यांच्या घरात हा आजार आज आला आहे त्यांना माझी विनंती आहे. मॅस्टेक्टमीची तारीख पक्की होण्याआधी प्लास्टिक सर्जनची एक भेट मागून घ्या, करायचं नक्की नसलं तरी. कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा: रेडिएशन लागेल का, ते केव्हा कळेल, लगेच केलं आणि जखम चिघळली तर केमो लांबेल का. मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्री असेल तर लपवू नका. जखम भरण्याचा प्रश्न आहे. नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुतेक नसते, हे नवरा-बायकोनं दोघांनी मिळून ऐका. ठरत नसेल तर थांबा, पण ‘नंतर बघू’ एवढ्यावर उठू नका. नंतर म्हणजे केव्हा आणि काय, ते केस पेपरवर लिहून घ्या. आणि दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली बाई हे वाचत असेल, तर तिनंही जाऊन विचारावं. दहा वर्षांनीही ते करता येतं.